आमचे जहाजवाले घरमालक

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज दुसरा झाला नसेल. लातूरला नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा, तेही ज्याच्या त्याच्या नशिबानं. आणि त्याच गावात, एका गल्लीच्या टोकाला असलेल्या दुमजली घराच्या गच्चीवर, दोन काळ्या टाक्यांच्या मधोमध जहाजावरचं वारा मोजायचं यंत्र गरगर फिरत असायचं. त्याच्या शेजारी कुत्र्याच्या छत्रीसारखा एक पांढरा अँटेना आभाळाकडं तोंड करून बसलेला. तो काळ क्लासेसचा होता. गावातल्या प्रत्येक घरानं डोक्यावर एकेक मजला चढवला होता, प्रत्येक खोलीत तीन-तीन कॉट घातल्या होत्या, आणि गावोगावचे बाप पोरांना घेऊन खोली शोधत फिरत होते. त्यात कुणीतरी उठवलं, की त्या गच्चीवरच्या फिरकीनं पोरींचं अभ्यासात लक्ष लागतं. जळकोटहून आलेले एक गृहस्थ तर हट्टच धरून बसले, की फिरकीच्या बरोबर खालचीच खोली पाहिजे. घरमालकांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते वारा मोजतं. तुमच्या मुलीला लातूरचा वारा लागू द्यायचा का नाही, ते तुम्ही बघा."

मी त्या घरात राहायला गेले ती क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी बाई म्हणून. वडील हिमायतनगरला पोस्टात होते. आमच्या घरातून गाव सोडून नोकरीला निघालेली मी पहिलीच. त्या दिवशी सकाळपासून मी तीन घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी होती, तिन्ही ठिकाणी मला आडनाव विचारलं, आणि ते सांगितल्यावर तिन्ही ठिकाणची खोली नेमकी कालच गेलेली निघाली. चौथ्या घरी मी आडनाव आधीच सांगून टाकलं. घरमालकांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. हातातल्या वायरीचं टोक सोलत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घड्याळ पाच मिनिटं पुढं लावून ठेवायची सवय आहे का?" मी नाही म्हणाले. "मग या," म्हणाले. "पुढं लावलेलं घड्याळ म्हणजे आपणच आपल्याला मारलेली थाप. ती या घरात चालत नाही."

स्वतःच्या कामाच्या खोलीतलं घड्याळ मात्र त्यांनी साडेपाच तास मागं ठेवलेलं होतं. जगातली सगळी जहाजं ग्रीनिचची वेळ बोलतात, म्हणून यांची खोलीही तीच बोलायची. त्यांचे साडू एकदा त्या खोलीत चहा पीत बसले, समोरच्या घड्याळात साडेसहा वाजलेले बघून निवांत राहिले, आणि दुपारची उदगीरची गाडी चुकवून बसले. त्यावर घरमालकांना वाईट वाटलं, पण घड्याळ हललं नाही. कुणी पत्ता विचारला तर ते आधी अठरा अंश चोवीस मिनिटं उत्तर सांगायचे, मग पूर्व रेखांश, आणि समोरचा अगदीच हताश झाला की शेवटी मारुतीच्या देवळामागं. त्यांची यंत्रं प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ताळ्याचा आकडा पाठवत, वाटेत एखादं अक्षर गळालं तर पलीकडच्याला कळावं म्हणून. ती रीत त्यांनी घरात आणली. मी दुकानाकडं निघाले की खिडकीतून सांगायचे, "साबण, काडेपेटी, कोथिंबीर. तीन." मी दोनच वस्तू घेऊन आले की मान हलवून म्हणायचे, "वाक्य तुटलं." वरच्या पोरींनीही ते उचललं होतं. "आंघोळ, डबा, क्लास, तीन," असं ओरडत त्या जिना उतरायच्या, आणि घरमालक खोलीत बसून गालात हसायचे.

त्यांचा धंदा मला समजायला दोन महिने लागले. तरुणपणी ते साखर कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे, मग काही वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजावरची यंत्रं. आता घरी बसून लहान लहान डबे बनवायचे आणि किनाऱ्यावरच्या गावांना कुरियरनं पाठवायचे. हे डबे म्हणजे दुभाषे. "असं बघा मॅडम," त्यांनी एकदा मला सांगितलं, "जहाजावरचं जीपीएस, पाण्याची खोली मोजायचं यंत्र, हे सगळे बडबडे. कुणी विचारो न विचारो, दर सेकंदाला एक वाक्य बोलणार. मी इथं आहे, मी इथं आहे, खाली पाणी इतकं आहे. आणि कारखान्यात असतं तसलं जहाजावरचं कंट्रोल पॅनल म्हणजे सरकारी साहेब. ते बडबड ऐकत नाही. ते विचारणार, चाळीस नंबरच्या खणात काय आहे? तेवढा आकडा द्या आणि गप बसा. मग या दोघांच्या मधे एक कुणीतरी लागतो. याचं ऐकून घ्यायचं, खणात नीट लावून ठेवायचं, आणि त्यानं विचारलं की द्यायचं."

"मग अवघड काय त्यात?" मी विचारलं.

"अवघड एकच. आभाळातला सिग्नल गेला की जीपीएस प्रामाणिकपणे सांगतं, आता माझ्यावर विसंबू नका. पण मधला डबा आळशी असला तर तो जुनाच आकडा खणात ठेवून देतो. पलीकडच्याला वाटतं सगळं ठीक आहे. जहाज भलतीकडं चाललेलं असतं आणि आकडा मात्र ठाम." त्यांच्या डब्यात त्यासाठी एक खण वेगळा होता. सिग्नल गेला की दहा सेकंद वाट बघून डबा त्या खणात सरळ लिहायचा, की माहीत नाही. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकांना हे फारसं आवडत नसे. घरमालकांना त्या खणाचाच सगळ्यात जास्त अभिमान होता.

घरात ते आणि काकू दोघंच. काकू एका पायानं लंगडत. बोलायच्या बेताचं, पण जे बोलायच्या ते माझ्याशी आणि पोरींशी. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं जेवायला वाढलं, पाणी आलं, दिवे गेले एवढ्यावर संपायचं. भांडण कधी ऐकलं नाही. खोली भाड्यानं द्यायची ती मुलींनाच, हा नियम मात्र दोघांचाही. तो कधी कुणी ठरवला ते दोघांनाही आठवत नव्हतं. मला वाटायचं, मुरलेल्या संसारात शब्द कमीच लागत असतील.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात नांदेडहून फोन आला. गोदावरीच्या पात्रात गाळ उपसायला एक बोट आणली होती. तिच्यावरचं जीपीएस आणि खोलीचं यंत्र बोटीच्या कंट्रोल पॅनलशी बोलत नव्हतं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की याचा माणूस लातूरलाच बसलाय. घरमालक त्या दिवशी दोनदा दाढी करून बसले. त्यांचे डबे कुठं कुठं तरंगत होते, पण गोदी सोडल्यापासून आपला डबा पाण्यावर चालताना त्यांनी पाहिलेला नव्हता. मी आठवड्याची रजा घेतली होती, हिमायतनगरची वाट नांदेडवरूनच होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचेपर्यंत त्यांनी मांडीवरची पिशवी एकदाही खाली ठेवली नाही.

बोटीवर पाय ठेवल्याबरोबर त्यांना मळमळायला लागलं. गोदावरी अगदी शांत होती, तिथं गुरंसुद्धा निवांत डुंबत होती, आणि आयुष्यभर जहाजांची काळजी वाहिलेला हा माणूस कठड्याला धरून डोळे मिटून बसला. बोट चालवणारा इस्लापूरकडचा एक काळासावळा माणूस होता. त्यानं कुठून तरी लिंबू आणून दिलं. ते हुंगत हुंगतच घरमालकांनी वायरी जोडल्या. तासाभरात पॅनलवर आकडे उमटले. बोट हलली की आकडे हलत, थांबली की थांबत. घरमालक त्या पडद्याकडं इतक्या मायेनं बघत होते, की मला दुसरीकडं बघावंसं वाटलं.

मग अडचण आली. बोट पुलाखाली गेली की सिग्नल जायचा, दहा सेकंदांनी डबा माहीत नाही म्हणायचा, आणि पॅनल गाळ उपसणारा पंप बंद करायचं. कंपनीचा तरुण इंजिनिअर दोन-तीनदा हे बघून वैतागला.

"काका, हे असं दर वेळी थांबून कसं चालेल? सिग्नल गेला की शेवटचा आकडा धरून ठेवा ना. पुलाखालून बाहेर आलो की येईलच परत."

"शेवटचा आकडा तेव्हा खरा होता," घरमालक म्हणाले. "आता खरा आहे का, ते डब्याला माहीत नाही."

"डब्याला माहीत असायची गरजच काय? सगळे असंच करतात."

"करत असतील."

"मग तुम्ही करणार नाही?"

"नाही."

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्यानं पुन्हा समजावलं, चहा मागवला, आणि मग नाइलाज असल्यासारखे हात वर केले. घरमालकांनी स्क्रू काढून डबा पिशवीत ठेवला. उतरताना बोटवाल्यानं त्यांना हाताला धरून काठावर घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचंच बरुबर हाय. ह्याच्यावर बसणारा मी हाय."

मी हिमायतनगरला जायचं रद्द केलं. त्यांना एकट्यानं परत जाऊ द्यावंसं वाटेना. गाडीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. लोह्याच्या पुढं मी धीर करून म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही हातातलं काम सोडायला नको होतं. दहाची साठ सेकंदं केली असती तरी त्याचं भागलं असतं."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ घट्ट केली. मग पुढच्या सीटच्या दांड्याकडं बघत, गाडीच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल अशा स्वरात सांगू लागले. त्र्याण्णवच्या भूकंपाला तेव्हा तेरा वर्षं होत आली होती. भूकंपाच्या वेळी ते मुंबईला गोदीत होते. काकू आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी रेणू औसा तालुक्यातल्या गावी. रेडिओवर बातमी ऐकून ते मिळेल त्या गाडीनं सोलापूरला आले. स्टेशनात जखमींच्या याद्या लावल्या होत्या. त्यात रेणूचं नाव होतं. नाव, बापाचं नाव, गाव, वय नऊ, पायाला मार, सोलापूरला हलवलं.

"तुमच्या काकूंचं नव्हतं त्यात," ते म्हणाले. "मी म्हटलं, पोरगी जिवंत आहे, तिला आधी गाठावं. गावाकडं गेलोच नाही. सगळे दवाखाने बघितले. एकेक कॉट. त्या वयाच्या पोरींना त्या दिवसांत तिथं काय तोटा होता. पट्ट्या बांधलेल्या, तोंडं सुजलेल्या. मी जवळ जाऊन प्रत्येकीला नाव विचारायचो. तीन दिवस. कुणी म्हणायचं लातूरला नेली, कुणी म्हणायचं उमरग्याला. मी परत स्टेशनात येऊन यादी बघायचो. नाव होतंच की. चौथ्या दिवशी गावाकडचा एक माणूस भेटला. त्यानं सांगितलं."

रेणू पहिल्याच दिवशी दुपारी गेली होती. ट्रकमध्ये घालायच्या पोरांची नावं कुणीतरी सकाळी लिहून घेतली, तेव्हा ती बोलत होती. ट्रक निघेपर्यंत ती राहिली नाही. नाव मात्र कागदावर पुढं गेलं, एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेलं.

"ज्यानं लिहिलं त्याची चूक नाही," घरमालक म्हणाले. "यादी खोटी नव्हती मॅडम. जुनी होती."

अहमदपूर आलं, गाडीत माणसं चढली, एक बाई पोराला घेऊन आमच्या शेजारी टेकली, आणि ते बोलायचे थांबले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही. मी गेलो तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. माझ्याकडं बघून 'आलात' म्हणाली. तेवढंच. नंतर मी पण काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगायचं."

दोन दिवस मी ते मनात घेऊन फिरले. दुसऱ्याचं दुःख त्याला न विचारता कुणाला सांगावं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरमालक कुरियर ऑफिसला गेले होते आणि काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले, सुपातले खडे वेचू लागले, आणि रेणूचं नाव घेतलं.

काकूंचा हात थांबला. "त्यांनी सांगितलं व्हय तुला?"

"हो."

"मला न्हाई कधी बोलले." त्यांनी सूप बाजूला केलं. "काय सांगू माय. पोरगी दुपारी गेली. माझा पाय ढिगाऱ्यात मोडलेला, मला उठता येईना. दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला. गावातली समद्यांची मिळून लाकडं रचत होते. मी म्हणून राहिले, थांबा, हिचा बाप येऊन राहिलाय, त्याला तोंड बघू द्या. थांबले बिचारे. संध्याकाळपतोर थांबले. मग म्हणाले, बाई, आता न्हाई थांबता येणार. मी हाव म्हणाले. हे चौथ्या दिवशी आले. रजा मिळाली नसंल, म्हटलं मी. नोकरी मोठी असंल."

"काकू," मी म्हणाले, "ते पहिल्या मिळालेल्या गाडीनं निघाले होते. सोलापूरला यादीत रेणूचं नाव होतं. जिवंत म्हणून. तीन दिवस ते तिला दवाखान्यात शोधत होते."

काकूंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. कुठल्या स्टेशनात, कसली यादी, नाव बरोबर लिहिलं होतं का, वय लिहिलं होतं का. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तिकडं तिला हुडकून राहिले होते," आणि उठून स्वयंपाकघरात उगीचच इकडून तिकडं फिरल्या.

घरमालक परत आले तेव्हा काकू त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. मी दोन वर्षांत त्यांना त्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं. मी वर निघून गेले. खालून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी बराच वेळ काकूंचा, मग त्यांचा, मग दोघांचाही नाही. संध्याकाळी पोरी क्लासवरून आल्या आणि स्वयंपाकघर थंड बघून त्यांनीच पोळ्या लाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीनं जुन्या गावाला गेले. भूकंपानंतर लोकांना नवं गाव बांधून दिलं, तेव्हा हे दोघं तिकडं न जाता लातूरला आले होते. जुन्या जागेवर दोघांनी मिळून पाय ठेवला नव्हता. काय पाहिलं ते दोघांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. येताना काकूंच्या पदराला सगळीकडं कुसळं चिकटलेली होती आणि घरमालक जिन्याच्या पायरीवर बसून ती एकेक काढत होते.

बोटीचंही पुढं एक झालं. महिन्याभरानं तो इस्लापूरकडचा बोटवाला स्वतःच लातूरला येऊन दारात उभा राहिला. पंप बंद न पाडता काही करता येतं का, म्हणून त्याला इंजिनिअर साहेबानंच पाठवलं होतं. दुसऱ्या कुणी बसवलेला डबा बोट काठाला लागली तरी नदीच्या मधोमधच दाखवत होता, आणि यानं त्याच्या भरवशावर बोट चालवायला नाही म्हणून सांगितलं होतं. घरमालकांनी पंप बंद पाडायचा नाद सोडला आणि बोटवाल्याच्या डोळ्यांसमोर एक लाल दिवा बसवून दिला. सिग्नल गेला की दिवा लागायचा, मग हा माणूस बोट हळू करून आपल्या नजरेनं काठ बघायचा. इंजिनिअरचं काम चालू राहिलं, घरमालकांचं मन राहिलं. तेवढ्यासाठी ते पुन्हा एकदा बोटीवर गेले आणि पुन्हा एकदा लिंबू हुंगत बसले. या वेळी काकू बरोबर होत्या. त्या म्हणे बोटीवर अगदी मजेत होत्या, आणि नवऱ्याची ही अवस्था बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढं मला नांदेडला कॉलेजात नोकरी लागली आणि लातूर सुटलं. घरमालकांचा अधूनमधून फोन यायचा. ते आधी तीन गोष्टी आहेत असं सांगायचे आणि मग चार सांगायचे. ताळा चुकायला लागला होता, आणि त्याची त्यांना फिकीर राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं ते गेले. मला कळायला एक दिवस उशीर झाला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मागच्या महिन्यात पुन्हा लातूरला जाणं झालं. काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरच्या खोल्यांत नव्या पोरी होत्या, त्यांचा पाठांतराचा आवाज जिन्यातून खाली येत होता. काकू आता खूपच वाकल्यात. वाढता वाढता त्या आपणहून घरमालकांबद्दल बोलायला लागल्या.

"मागून मागून लई बोलायचे ते. रेणूचंच. ती लहान होती तवा काय करायची, काय म्हणायची. मला ठावकी असलेलंच मला सांगायचे. मी पण सांगायची. एक एक गोष्ट चार-चारदा. कधी कधी मीच म्हणायची, बास करा आता, झोपा."

त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली.

"चांगली सरली तेवढी वर्सं. फक्त आधीची तेरा उगं गेली बघ, गप बसून." मग माझ्याकडं न बघता, तक्रार नाही, राग नाही, अशा साध्या आवाजात म्हणाल्या, "तू जरा आदुगर राहायला यायला पायजे होतीस माय."

मी खाली मान घालून जेवत राहिले, आणि काकूंनी न विचारता आणखी एक भाकरी ताटात ठेवली.